आधी बोटं, मग जीभ

पारावर बसलेला म्हातारा खिशातून बंडल काढतो, त्यातली एक विडी निवडतो, पण लगेच शिलगावत नाही. आधी ती अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच गोल फिरवतो. कुठे पोकळ लागते का, कुठे गाठ आहे का, हे त्याची बोटं बघत असतात. मग उलट्या बाजूने एक फुंकर. फुंकर आरपार गेली तर विडी ओठांत, नाहीतर ती परत बंडलात आणि तिच्या जागी दुसरी. या सगळ्याला चार सेकंद लागतात. आत्ता काय केलंत, असं विचारलं तर त्याला ते धड सांगताही येणार नाही.

हाताने वळलेला सिगार पारखायचा म्हणजे याच चार सेकंदांना तासभर ताणायचं. सिगारविषयी जे छापून येतं त्यात मात्र जिभेचाच डंका फार. कोको, चामडं, भाजलेले बदाम, ओली माती अशी शब्दांची आरास मांडलेली असते, आणि वाचणाऱ्याला वाटतं की हे काही आपल्या जिभेला जमायचं नाही. माझं मत उलट आहे. जीभ कामाला लागण्याआधीच सिगारचा अर्ध्याहून जास्त निवाडा झालेला असतो. तो बोटांनी होतो, डोळ्यांनी होतो आणि श्वासाने होतो. चवीचे शब्द ज्याचे त्याला. पण धूर सरळ येतो की अडतो, यावर दोन माणसांचं दुमत होत नाही.

उदाहरण क्युबाचंच घेऊ, कारण या धंद्यातली निम्मी भाषा तिथली आहे. बेटाच्या पश्चिमेला पिनार देल रिओ नावाचा प्रांत आहे. त्यातला व्हुएल्ता आबाहो हा भाग, आणि त्यातही सान लुईस आणि सान हुआन इ मार्तिनेस या दोन गावांच्या आसपासची तांबूस, रेताड जमीन सिगारच्या तंबाखूसाठी नावाजलेली. सिगारमध्ये तीन थर असतात आणि तिघांचीही पानं वेगळी लागतात. आत सारण. त्याला स्पॅनिशमध्ये ‘त्रिपा’ म्हणतात, म्हणजे चक्क आतडी. ते सारण आवळून धरणारं बांधणीचं पान ते ‘कापोते’, आणि सगळ्यात वरचं, डोळ्यांना दिसणारं पान ते ‘कापा’, म्हणजे झगा. झग्याचं पान नाजूक, तलम, बारीक शिरांचं हवं, म्हणून त्याची झाडं पातळ कापडाच्या मांडवाखाली वाढवतात. सारणाची झाडं उघड्या उन्हात.

सारणातही जाती आहेत, आणि त्या झाडावरच्या जागेवरून ठरतात. बुडाशी येणारी पानं हलकी. त्यांना ‘वोलादो’ म्हणतात. चवीला बेताची, पण जळायला चांगली. मधली ‘सेको’, सुवास मुख्यतः यांचा. शेंड्याकडची ‘लिहेरो’. ऊन सगळ्यात जास्त खाल्लेली, जाड, तेलकट, जहाल आणि जळायला सावकाश. लिहेरो नेहमी सारणाच्या मधोमध घालतात, बाकीची त्याच्याभोवती. असं का, ते पुढे राख झटकल्यावर दिसेल.

तोडलेली पानं जोडीजोडीने काठ्यांवर टांगून कोठारात साधारण ५० दिवस वाळवतात. हिरव्याचं पिवळं होतं, पिवळ्याचं तपकिरी. मग ढीग लावून ती मुरवतात. शेणखताच्या ढिगात हात घातला की जी ऊब लागते तशीच ऊब या ढिगात धरते, आणि तिच्याबरोबर पानातला अमोनिया बाहेर पडतो. ढीग फार तापला तर पान मरतं, म्हणून तो मोडून, वरखाली करून परत रचावा लागतो. त्यानंतर गठ्ठे बांधून ठेवून द्यायचे. लिहेरोला दोनेक वर्षं, हलक्या पानांना त्याहून कमी. इथे घाई केली तर ती लपत नाही. पहिल्या चार झुरक्यांत नाकाला झोंबते. लोणचं मुरायच्या आत बरणी उघडावी तसंच ते.

आता वळणाऱ्याच्या फळीशी येऊ. त्याला ‘तोर्सेदोर’ म्हणतात. अलीकडे या फळ्यांवर बायका मोठ्या संख्येने आहेत. हत्यारं मोजकी. एक लाकडी फळी, वास नसलेल्या वनस्पतिजन्य डिंकाची वाटी आणि ‘चावेता’ नावाचं मूठ नसलेलं, बाकदार धारेचं पातं. कापायला तेच, दाबून लाटायलाही तेच. वळणारी बाई डाव्या हाताच्या पंज्यात एकेक पान घेते, लांबीत हलकेच चुणते आणि शेजारच्या पानाला लावते. मधे लिहेरो, भोवती सेको, बाहेर वोलादो. पंजा हळूहळू भरत जातो. कुठे कमी वाटलं तर पानाचा तुकडा सरकवायचा, जास्त वाटलं तर खुडायचा. वजनकाटा नाही, बोटांना जे कळतं तेच माप.

सगळा सिगार इथे ठरतो. पानांमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत हवेच्या बारीक वाटा राहिल्या पाहिजेत. पान पिळलं गेलं की वाट बुजली. एक आडवा शिरेचा तुकडा आला तरी बुजली. काही ठिकाणी झटपट काम म्हणून पानं पुस्तकासारखी एकावर एक ठेवून गुंडाळतात. तसं केलं की एका बाजूला दाटी होते, दुसरीकडे विरळ, आणि तो सिगार पुढे एकाच अंगाने जळत जातो. म्हणजे आपण पान पारखतोय असं म्हणत असलो तरी खरी पारख चालते ती पानांमधल्या मोकळ्या जागेची.

सारण बांधणीच्या पानात गुंडाळलं की ते साच्यात घालून अर्धा-पाऊण तास दाबून ठेवतात. साचा उघडल्यावर हल्ली क्युबातल्या कारखान्यांत ते यंत्राला लावतात. यंत्र त्यातून हवा ओढतं आणि किती जोर लागला ते काट्यावर दाखवतं. अडलं तर सारण परत मोडायचं. पारावरच्या म्हाताऱ्याची फुंकर ती हीच, फक्त काट्यावर मोजलेली.

उरतो झगा. ओलसर पान फळीवर पसरून मधला दांडा काढलेला असतो, म्हणजे अर्धं पान हातात. चावेताच्या एका फटक्यात त्याची कड कापायची, गुळगुळीत अंग बाहेर राहील असं ठेवून तिरपं गुंडाळत न्यायचं. डावं अर्धं पान एका दिशेने, उजवं दुसऱ्या दिशेने, म्हणजे शिरा फार उठून दिसत नाहीत. ओठाकडच्या टोकाला त्याच पानाचे फेरे घालून टोपी बसवायची आणि दुसरं टोक मापाला छाटायचं. असे ५० झाले की त्यांची एक जुडी. तिला ‘अर्धं चाक’ म्हणतात. जुडीवर वळणाऱ्याची ओळख असते, आणि तपासनीस तीतले काही उचलून लांबी, जाडी, वजन बघतो. चांगला वळणारा दिवसाकाठी शंभराच्या आसपास सिगार करतो. सोलापुरात विडी वळणाऱ्या बायकांची मजुरी हजारावर मोजतात, हे आठवलं की दोन्हीकडच्या हातांची चाल किती निराळी ते कळतं.

एक आडवळण घेतो, कारण ते मला फार आवडतं. हवानाच्या एल फिगारो या कारखान्यात १८६५ मध्ये वळणाऱ्यांना काम करता करता वर्तमानपत्र आणि पुस्तकं मोठ्याने वाचून दाखवायची पद्धत सुरू झाली. वाचणाऱ्याचा पगार कामगारच वर्गणी काढून देत. हात गुंतलेले, कान मोकळे. १९३५ मध्ये निघालेल्या मोंतेक्रिस्तो या सिगारचं नाव याच वाचनातून आलं असं मानतात. द्यूमा या फ्रेंच कादंबरीकाराची मोंतेक्रिस्तोच्या काउंटवरची कादंबरी वळणाऱ्यांची लाडकी होती. पुढे रेडिओ आला, ध्वनिक्षेपक आले, पण वाचणारा माणूस अजून गेलेला नाही.

कारखान्यात चव घेणारे वेगळे असतात, ‘कातादोर’. ते सकाळी बसतात, कारण जेवणानंतर जीभ बोथट होते. समोर येणाऱ्या सिगारवर नावाची पट्टी नसते. पूर्ण सिगार ओढायचा नसतो. सुरुवातीचा इंचभर पुरतो. मग बिनसाखरेच्या चहाने तोंड साफ, आणि पुढचा. ओढ कशी, जळणं कसं, सुवास कसा, जहालपणा किती, आणि मुख्य म्हणजे ज्या नावाने तो विकला जाणार त्या नावाला तो शोभतो का. ‘मला आवडला का’ हा प्रश्न त्यांच्या कागदावर नसतो. घरी बसून चाखणाऱ्याने एवढी एक सवय त्यांच्याकडून उचलली तरी पुष्कळ आहे.

तर एक सिगार घेऊ. पहिल्यांदा पारखायला जाडजूड नको. क्युबन लोक ज्याला ‘मारेवा’ म्हणतात ते माप बरं: लांबी १२९ मिलिमीटर, जाडी ४२ रिंग. रिंग म्हणजे इंचाचा ६४वा भाग, म्हणजे हा साडेसोळा मिलिमीटरच्या किंचित वर. लोकप्रिय ‘रोबुस्तो’ ५० रिंगचा, जवळजवळ २० मिलिमीटर जाड. जाड सिगारमध्ये सारण जास्त आणि झगा प्रमाणाने कमी, म्हणून झग्याची चव बारीक सिगारमध्ये जास्त कळते. बारीक वळणं अवघडही असतं. चूक लपवायला जागा नाही.

पट्टीकडे बघू नका. झगा बघा. रंग टोकापासून टोकापर्यंत सारखा हवा, अंगावर तेलाची मंद झाक हवी. ठळक शिरा, ठिगळ, डिंकाचा डाग हे हाताच्या घाईचे पुरावे. मग अंगठा आणि तर्जनीत धरून टोपीपासून खालपर्यंत हलके दाबत या. पोळीची कणीक मळून झाल्यावर बोट दाबलं तर ती सावकाश भरून येते, तसा सिगार किंचित दबून परत आला पाहिजे. कुरकुर आवाज आला तर तो सुकलाय. एखादी जागा दगडासारखी लागली तर तिथे धूर अडणार. पोकळ लागली तर तिथे आग धावणार. या जागा मनात ठेवा, थोड्या वेळाने पडताळता येतील.

आता वास. आधी झग्याचा, मग पेटवायच्या टोकाचा. दोन्ही वेगळे असतात. झग्याला गोठ्याजवळच्या सुक्या कडब्याचा वास येतो, कधी खारकेचा. टोकाकडे तो दाट होतो. लाकडाचा गोडसर वास आला तर तो बहुधा पेटीचा असतो. ज्याला स्पॅनिश सिडार म्हणतात त्या लाकडाच्या पेट्या करतात; ते झाड मुळात देवदाराच्या जातीचं नव्हेच, आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं आहे. अमोनियाची झणझण आली तर पान मुरलेलं नाही. तो सिगार काही महिने बाजूला ठेवलेला बरा.

कापताना लोक हमखास चुकतात. टोपीचा खांदा जिथे सुरू होतो त्याच्या वरच कापायचं, दोनेक मिलिमीटर. खाली कापलं तर झगा सुटून उलगडत जातो. आपल्याकडच्या तिरुचिरापल्लीच्या चिरुटाला ही भानगड नाही; त्याची दोन्ही टोकं उघडी. चिरूट हा शब्दही तमिळमधल्या ‘सुरुट्टु’वरून आलाय, म्हणजे नुसती गुंडाळी.

कापल्यावर न पेटवता एक झुरका ओढा. ही कोरी ओढ. दाट शीतपेय नळीने ओढताना लागतो त्याहून कमी जोर लागला पाहिजे, आणि रिकाम्या नळीतून हवा ओढतो त्याहून थोडा जास्त. मघाशी दाबताना लागलेली गाठ खरी होती की नाही, ते इथे कळतं. तोंडात फिकी चव येते, ती लिहून ठेवा. पेटल्यावर ती टिकते का बघायचं आहे.

पेटवायला गॅसचा लायटर किंवा काडी. मेणबत्ती आणि पेट्रोलचा लायटर नको, त्यांचा वास पानात शिरतो. ज्योत टोकाला टेकवायची नाही. थोडी खाली धरून सिगार गोल फिरवत कड शेकायची, पापड भाजतो तशी. सगळीकडून कड काळी पडून लाल झाली की हलका झुरका.

आणि धूर आत घ्यायचा नाही. हे मी एका मित्राच्या लग्नात, गच्चीवर, स्वतःच्या जिवावर शिकलो. सिगारेटच्या सवयीने पहिला झुरका थेट छातीत नेला आणि मग बराच वेळ कठड्याला धरून उभा होतो. कारण नंतर कळलं. सिगारेटचा तंबाखू बहुतेक गरम हवेच्या भट्टीत झटपट वाळवलेला असतो. त्यात साखर राहते आणि धूर आम्लधर्मी होतो. सिगारचा तंबाखू हवेत सावकाश वाळतो, मुरतो, साखर जवळजवळ संपते, आणि धूर अल्कधर्मी होतो. अशा धुरातलं निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात उतरतं. छातीपर्यंत न्यायची गरजच नसते, नेलं तर डोस आणखी वाढतो. म्हणून धूर तोंडात घ्यायचा, गालात खेळवायचा, सोडून द्यायचा.

मग चव कुठे लागते? जिभेला गोड, आंबट, खारट, कडू यांच्यापलीकडे फारसं कळत नाही. बाकी सगळं नाकाचं काम. म्हणून धूर सोडताना त्यातला शेवटचा थोडा भाग, तोंडातलाच, नाकावाटे बाहेर जाऊ द्यायचा. पहिल्यांदा ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येतं. तिसऱ्या-चौथ्या वेळी मात्र जे नुसतं ‘तंबाखू’ वाटत होतं ते फुटून वेगळं होतं. सर्दी झालेल्या दिवशी सिगार पारखायला बसूच नये, त्याचं कारण हेच.

झुरके मिनिटाला एक, फार तर. भरभर ओढलं की निखारा तापतो आणि चांगलं पानही कडवट लागतं. मग लोक सिगारला नावं ठेवतात. खरं तर चूक ओढणाऱ्याची. उलट फार वेळ सोडून दिला तर विझतो. विझला तर लाजायचं कारण नाही, राख झटकून परत पेटवा. सारखा विझत असेल तर मात्र नोंद घ्या.

राख सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर आपोआप धरली पाहिजे. अख्ख्या पानांचं सारण असलं की ती खपल्याखपल्यांनी एकमेकीला धरून राहते. तुकड्यांचं असलं की भुरभुर गळते. रंग पांढरट ते करडा. पांढरेपणाला पानातलं मॅग्नेशियम कारण असतं, आणि पान नीट जळायला पोटॅशियम लागतं; जमिनीत क्लोरीन जास्त झालं की पान नीट जळत नाही. राखेचा रंग म्हणजे शेताचा दाखला, दर्जाचा नव्हे. शेरलॉक होम्सने १८८७ च्या पहिल्याच कादंबरीत राखेवरून त्रिचनापल्लीचा, म्हणजे तिरुचिरापल्लीचाच, चिरूट ओळखला होता. ते कथेत शोभतं, घरी कुणी प्रयत्न करू नये.

आता राख हलकेच टेकवून पाडा आणि निखाऱ्याकडे बघा. मधे टोकदार सुळका दिसला पाहिजे. मधलं लिहेरो सावकाश जळतं, भोवतीची पानं लवकर, म्हणून मधला भाग मागे राहतो आणि सुळका तयार होतो. मघाशी पंज्यात रचलेली पानं नीट बसली होती याची ही सही. मधे खड्डा दिसला तर उलटं झालंय: आतून बोगदा पडतोय आणि बाहेरचा झगा मागे राहतोय. एकच बाजू पुढे धावत असेल तर आधी थोडं थांबा. वाऱ्यानेही तसं होतं. सिगार फिरवून घेतला आणि तरीही तीच बाजू धावली, तर दोष वळणाऱ्याचा.

चाखणारे सिगारचे तीन भाग करतात, आणि ते उगाच नाही. जळणाऱ्या टोकातून निघालेला धूर उरलेल्या सिगारमधून गाळून येतो. वाटेत ओलावा, डांबरासारखे चिकट पदार्थ आणि निकोटिन मागच्या पानांवर बसतात. सिगार जसा आखूड होतो तशी ही साठलेली शिदोरी जळू लागते. पहिला भाग हलका, थोडा कोरडा. मधल्यात सिगार स्वतःचं खरं रूप दाखवतो. शेवटचा तापट, तिखट. चांगला सिगार शेवटीही कडू होत नाही, नुसता गडद होतो. तीनही भाग सारखेच लागले तर माझ्या लेखी तो सिगार कंटाळवाणा, मग किंमत काहीही असो.

चव आणि जहालपणा यांची मात्र गल्लत करू नये, आणि इथे मराठी माणसाला फायदा आहे, कारण आपल्याकडे ‘तंबाखू लागणं’ असा नेमका शब्द आहे. मळलेली चिमूट दाढेखाली धरून घाम फुटला, उचकी लागली, की आपण म्हणतो, लागली. त्याचा चवीशी संबंध नाही. सिगारचंही तसंच. चवीला भरगच्च पण न लागणारा सिगार असतो आणि चवीला सपक पण बसल्या जागी उचकी लावणाराही असतो. उपाशीपोटी पारखायला बसलात तर दुसऱ्या भागात कपाळावर गार घाम येईल. अशा वेळी सिगार खाली ठेवायचा आणि गुळाचा खडा तोंडात टाकायचा.

आणि धूर छातीत गेला नाही म्हणजे काही झालं नाही, असं नाही. तोंड, घसा, अन्ननलिका यांच्या कर्करोगाशी सिगारचा थेट संबंध आहे, आणि एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढा तंबाखू असू शकतो. सिगारशिवाय ज्याचं चित्र डोळ्यांसमोर येत नाही त्या फिदेल कास्त्रोनेही १९८५ मध्ये तो सोडला. पारख करायचीच तर ती वर्षात मोजक्या वेळा करावी; रोज ओढणाऱ्याची जीभ तशीही आंधळी होते.

आपल्या हवेत सिगारचे निम्मे दोष वळणाऱ्याचे नसतातच, ठेवणाऱ्याचे असतात. त्याला ६५ ते ७० टक्के दमटपणा आणि गारवा लागतो. जुलैतल्या मुंबईत कपाट उघडलं की पापड सादळतो तसा सिगार सादळतो. पानं फुगतात, वाटा बुजतात, ओढ अडते आणि आपण हवानातल्या अनोळखी बाईला दोष देतो. मे महिन्यात नागपुरात नेमकं उलटं: झगा तडकतो, आग धावते, चव जळकी. म्हणून निवाड्याआधी सिगार महिनाभर बंद पेटीत, योग्य दमटपणात पडू द्यावा. झग्यावर टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं दिसली तर मात्र ती पेटी लगेच वेगळी करा. तो तंबाखूचा किडा; सांगलीच्या गोदामात हळकुंडं पोखरतो तोच.

राहिले गुण. न्यूयॉर्कहून १९९२ पासून निघणारं सिगार अफिसिओनादो हे नियतकालिक सिगारांना १०० पैकी गुण देतं, पट्टी झाकून. ही शंभराची पद्धत वाइनच्या परीक्षकांकडून आली, आणि त्यांनी ती अमेरिकन शाळेतून घेतली. ८९ आणि ९० मध्ये काय फरक आहे ते मला आजवर कळलेलं नाही, दुकानदाराला मात्र नक्की कळतो. पट्टी झाकण्याची कल्पना तेवढी उचलण्याजोगी. घरच्या कुणाला तरी पट्टी काढून सिगार हातात द्यायला सांगा. महागड्या नावाची चव अर्ध्याने उतरते.

नोंदी आपल्या शब्दांत करा. ज्याने कधी तुर्की अंजीर खाल्लं नाही त्याने सिगारला तुर्की अंजिराची चव असल्याचं लिहू नये. मला एका सिगारमध्ये नाचणीची भाकरी तव्यावर जराशी करपते तो वास आला होता, दुसऱ्यात सुंठ आणि ओलं गोणपाट. भाजलेले धणे, जायफळ, मिरीची पूड, खारीक, काताचा तुरटपणा, हे शब्द आपल्या नाकाने कमावलेले आहेत आणि पुढच्या वेळी तपासता येतात. पण चव लिहिण्याआधी वरच्या ओळीत ओढ, जळणं, राख आणि सुळका लिहा. शेवटी सिगार चिरडू नका, चिरडला की उग्र वास सुटतो; राखदाणीत ठेवला की आपोआप विझतो.

एका नगावर मत बनवू नये. हाताचं काम आहे, एक सिगार वळताना बाई वाचनात रमली असेल. एकाच पेटीतले तीन, मधे काही आठवडे जाऊ देऊन, त्याच वेळेला, कोऱ्या चहाबरोबर. दोन अडले तर पेटीत खोट आहे. आणि तिसऱ्याच्या वेळी वही आधी उघडू नका. आधी ओढा, लिहा, मग मागचं पान उलटा.